तिमिंगलातला तांबडा तारा



जागलीला जाणाऱ्या माणसाला आकाश शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकवण्यासारखे आहे. रोही आणि रानडुकरे रात्री हरभऱ्यात शिरतात, ओलिताची वीज पुष्कळदा रात्रीच येते. तेव्हा आपल्या वाशिम जिल्ह्यातला शेतकरी हिवाळ्यातल्या कितीतरी रात्री उघड्यावरच काढतो. मृग केव्हा वर आला, कृत्तिका केव्हा माथ्यावर आल्या, हे तो घड्याळ न बघता सांगतो. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पण ज्या प्रश्नावरून हे भाषण सुचले तो मला शाळेत कोणी विचारला नाही. रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या शिवारात, एका मचाणाखाली शेकोटीपाशी बसलो असताना तो विचारला गेला.

२०२० सालचा जानेवारी महिना होता. ज्यांच्या शेतात बसलो होतो त्या आबाजींनी हातातली काडी शेकोटीत टाकली आणि वर बोट केले. “गुरुजी, थो आर्द्राचा तारा यंदा काहून असा मिणमिण करते? रोहिणीपक्षाही मंद झाला. मंग पाऊस कमी पडन काय?”

मी चपापलो. आबाजींचे निरीक्षण अगदी बरोबर होते. मृगाच्या एका खांद्यावर जो तांबडा तारा दिसतो, ज्याला मराठीत काक्षी म्हणतात आणि पुष्कळ अभ्यासक आर्द्रेचा तारा म्हणून ओळखतात, तो त्या हिवाळ्यात खरोखरच मंदावला होता. जगभरचे ज्योतिर्विद त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. फेब्रुवारीत तर त्याचे तेज नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले आणि मग उन्हाळा लागेपर्यंत तो पुन्हा पूर्ववत झाला. या ताऱ्याने आपल्या अंगचा वायू बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती धूळ आपल्या वाटेत आडवी आली, शिवाय ताऱ्याचा एक भागही थोडा निवला होता, असे २०२१ साली संशोधकांनी दाखवून दिले. आबाजींनी कोणतेही यंत्र न वापरता, शेजारच्या रोहिणीशी ताडून पाहून, हीच गोष्ट टिपली होती.

आता पावसाचे. ज्याच्या घरी सोयाबीन आणि तूर हाच संसार आहे, त्याच्या तोंडचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मी त्यांना म्हटले, “आबाजी, आर्द्रा लागली असं आपण म्हणतो, म्हणजे काय होतं? आकाशात सूर्य त्या नक्षत्राच्या जागी येतो, जूनच्या एकवीस-बावीस तारखेला. म्हणजे पावसाच्या दिवसांत आर्द्रेचा तारा सूर्याजवळ, दिवसाच्या उजेडात असतो. तो आपल्याला दिसतच नाही. नक्षत्र हा रस्त्यावरचा मैलाचा दगड. दगडाचा रंग उडाला म्हणून एस. टी. थांबत नाही.” पाऊस येतो तो समुद्रावरच्या वाऱ्यांनी, तो कमी-जास्त होतो तो समुद्राचे पाणी आणि हवा यांच्या तापण्या-निवण्याने. पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या मिणमिणण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आबाजींना ते पटले असावे. निदान त्यांनी मान हलवली. पण त्यांचा मूळ प्रश्न दुसराच होता, आणि तो जास्त खोल होता. तारा मंद होतोच कसा? सूर्य रोज तसाच उगवतो, ध्रुव जागचा हलत नाही, आणि आपल्या आज्यापणज्यांनी पाहिलेले तारे आपणही पाहतो. मग हे काय?

तेव्हा मी त्यांना आकाशातली एक जवळजवळ रिकामी जागा दाखवली. “इथं दिवाळीत एक तारा होता. आता बघा, डोळे ताणले तर दिसेल न दिसेल. अजून महिनाभराने दिसणारच नाही. आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा इथंच असेल.”

आबाजी बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “येईनच कशावरून?”

या ताऱ्याचे नाव मीरा. संत मीराबाईंशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नवलाचा’ असा आहे, आणि आपल्या कानाला तो ओळखीचा लागतो हा योगायोग. तो तिमिंगल नावाच्या तारकासमूहात आहे. डिसेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास हा समूह डोक्यापासून जरासा दक्षिणेकडे असतो.

त्याची जागा शोधायची खूण सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना मैदानात उभे करून दाखवावे. रोहिणीचा आकार गाड्याच्या जूकडच्या निमुळत्या टोकासारखा आहे; जुन्या ग्रंथांत त्याला रोहिणीशकट, म्हणजे रोहिणीचा गाडा, असेच म्हटले आहे. त्या गाड्याचे टोक जिकडे रोखलेले आहे तिकडे, नैर्ऋत्येला, चालू लागा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. अशा दोन मुठींहून थोडे पुढे गेल्यावर मेनकर नावाचा ठळक तारा लागतो. त्याच सरळ रेघेत आणखी एक मूठ आणि तीन बोटे पुढे गेले की मीराची जागा आली. वाटेत दोन मंद तारे भेटतात, ते लक्षात ठेवा. त्यांचे काम पुढे आहे.

या जागेचे नवल प्रथम ज्याच्या ध्यानात आले तो कोणी मोठ्या वेधशाळेचा अधिकारी नव्हता. डेव्हिड फॅब्रिसियस हा उत्तर जर्मनीत समुद्रकाठच्या एका खेड्यातला पाद्री. १५९६ सालच्या ऑगस्ट महिन्यात तो एका ग्रहाचा वेध घेत होता आणि ग्रहाची जागा मोजायला त्याने शेजारचा एक तारा खुणेला धरला. काही दिवसांत तो खुणेचा ताराच उजळू लागला, मग ओसरला, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत नाहीसा झाला. दुर्बीण तेव्हा निघालीच नव्हती. फॅब्रिसियसला वाटले, एखादा तारा नवा जन्मला आणि मेला. परंतु १६०९ साली तोच तारा त्याच जागी पुन्हा हजर! या पाद्रीबुवांचा शेवट मात्र आकाशात नव्हे, गावच्या भांडणात झाला. १६१७ साली त्यांनी चर्चमध्ये सर्वांदेखत एका शेतकऱ्यावर हंस चोरल्याचा आळ घेतला, आणि त्या शेतकऱ्याने फावडे घालून त्यांना ठार केले. खेडे कुठलेही असो, माणसे सारखीच.

पुढे १६३८ साली हॉलंडमधल्या होल्वार्डाने ओळखले की हा तारा सुमारे अकरा महिन्यांनी परत परत येतो. १६६२ साली हेवेलियसने त्याला ‘नवलाचा’ हे नाव दिले. ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने बदलू शकते, ही गोष्ट माणसाला या एका ताऱ्याने शिकवली. तोवर पंडितांची अशी समजूत होती की चंद्राच्या वर काही बदलत नाही. आज अशा ताऱ्यांना आपण रूपविकारी किंवा चल तारे म्हणतो, आणि मीरासारखे हजारो तारे माहीत झाले आहेत. त्यांतला एक आपल्याच देशात सापडला: मद्रास वेधशाळेतले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली दक्षिण आकाशातल्या जालक तारकासमूहात असा एक तारा शोधून काढला.

आता तो उजळतो आणि मावळतो तो कशाने, हे पाहू.

मीरा हा म्हातारा तारा आहे. आपल्या सूर्याहून तो वजनाने फारसा जास्त नाही, पण पोटातले हायड्रोजनचे सरपण संपल्यावर तो फुगला. इतका, की त्याला सूर्याच्या जागी नेऊन ठेवले तर बुध, शुक्र आणि आपली पृथ्वी त्याच्या पोटात जातील. अशा ताऱ्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात. राक्षस म्हटला तरी अंगात जोर नाही: वरचे थर इतके विरळ की आपली हवा त्यांपुढे घट्ट ठरावी. अंग पसरल्यामुळे पृष्ठभाग थंडावला. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला, तर मीराचा जेमतेम तीन हजार. म्हणून तो तांबडा. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी पांढरेपिवळे असते आणि निवता निवता तांबडे होते, तोच न्याय इथे आहे.

हे फुगलेले अंग श्वास घेते. चुलीवर भाताचे पातेले ठेवून झाकण लावले की काय होते ते रोज आपण पाहतो. वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली बसते, पुन्हा वाफ कोंडते. ताऱ्याच्या वरच्या भागात हायड्रोजनचा एक थर असा असतो की तो दाबला गेला म्हणजे आतून येणारी उष्णता अडवून धरतो. उष्णता कोंडली की दाब वाढतो आणि अंग बाहेर ढकलले जाते. फुगल्यावर तोच थर उष्णता सोडून देतो, जोर ओसरतो, आणि वजनाने सारे परत आत पडते. असे अखंड चालते. चुलीवरचे झाकण क्षणात वरखाली होते, इथे एका फेऱ्याला सरासरी ३३२ दिवस लागतात. घरातला पाळणा भरभर हलतो, आणि नागपंचमीला लिंबाच्या उंच फांदीला बांधलेला झोका सावकाश जातो. दोर जितका लांब तितका झोका संथ. हा तारा अवाढव्य, म्हणून त्याचा झोकाही लांब.

इथे मला स्वतःला पुष्कळ दिवस एक कोडे पडले होते. तारा फुगला म्हणजे मोठा झाला, मग तेव्हाच जास्त उजळायला नको का? तसे होत नाही. तो फार फुगतो तेव्हा निवतो, आणि निवला की त्याच्या वरच्या हवेत टायटॅनियम धातू आणि ऑक्सिजन यांचा संयोग तयार होतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जे टायटॅनियमचे द्रव्य घालतात, त्याचाच हा भाऊबंद. हा संयोग डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळून टाकतो; जणू कंदिलाच्या काचेवर काजळी धरते. कंदिलाची ज्योत थोडी लहान होते खरी, पण घरात अंधार पडतो तो काजळीने. पुढे अंग आत पडून तापते, संयोग मोडतो, काच स्वच्छ होते. म्हणूनच ताऱ्यातून बाहेर पडणारी एकूण उष्णता दोन-तीन पटीच बदलत असताना डोळ्यांना दिसणारा उजेड मात्र शेकडो पटींनी कमी-जास्त होतो.

ज्योतिषात तेजाला ‘प्रत’ म्हणतात. पहिल्या प्रतीचे तारे ठळक, सहाव्या प्रतीचे नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे. एकेका प्रतीत सुमारे अडीच पटींचा फरक. मीरा भरात असतो तेव्हा साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या प्रतीत असतो आणि तळाला नवव्या प्रतीपर्यंत उतरतो. प्रत्येक फेऱ्याला तो सारख्याच उंचीला चढेल असे नाही. चढायला त्याला सुमारे चार महिने लागतात, उतरायला सुमारे सात. कर्ज चढते लवकर आणि फिटते उशिरा, तसेच काहीसे.

तो आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो तो तिथून निघाला तेव्हा पुण्यात थोरले बाजीराव पेशवेपदावर होते.

आणखी एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. प्रत्येक श्वासाबरोबर मीराच्या अंगचे थोडे द्रव्य बाहेर जाते आणि परत येत नाही. हा तारा आकाशातून सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने चालला आहे. एका अवकाश दुर्बिणीने अतिनील किरणांत घेतलेले त्याचे चित्र २००७ साली जाहीर झाले, तर मागे तेरा प्रकाशवर्षे लांबीची शेपटी! कडब्याने भरलेली गाडी जावी आणि रस्ताभर धांडे सांडत जावेत, तसे गेल्या तीस हजार वर्षांतले सांडलेले द्रव्य त्या वाटेवर पडून आहे. त्यात कार्बन आहे, ऑक्सिजन आहे. अशाच जुन्या ताऱ्यांनी सांडलेल्या द्रव्यातला काही भाग आपल्या मातीत आणि पिकांत आला. सारे अंग सांडून गेल्यावर मीराचा नुसता लहानसा तापलेला गाभा उरेल. त्याच्या एका जोडीदाराचे असे आधीच झाले आहे. तो श्वेत खुजा तारा त्याच्याभोवती फिरत असतो. आपल्या सूर्यावरही हीच पाळी यायची आहे, पण अजून सुमारे पाचशे कोटी वर्षांनी. तोवर पेरणी थांबवण्याचे कारण नाही.

असो. आबाजींच्या प्रश्नाकडे वळू: तो परत येईलच कशावरून? याचे उत्तर एकच. चारशे वर्षे लोकांनी तो पाहून ठेवला आहे. हे लोक कोण, तर बहुतेक आपल्यासारखेच. मोठमोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे रोज बघत बसायला सवड नसते. म्हणून १८४४ साली आर्गेलांडर या जर्मन ज्योतिर्विदाने हौशी लोकांना हाक दिली की बदलत्या ताऱ्यांचे काम तुम्ही करा. १९११ साली अमेरिकेत या कामासाठी संस्था निघाली, आणि ती आजही कुणाही माणसाने पाठवलेली नोंद घेते. आपल्याकडे जेसोरच्या खजिन्यात नाणी पारखणारे एक बंगाली कारकून होते, राधागोविंद चंद्र. शाळेची परीक्षा त्यांना उतरता आली नव्हती. पण नोकरी सांभाळून त्यांनी या संस्थेला बदलत्या ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्यांचे काम पाहून त्या संस्थेकडून त्यांना अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण वापरायला आली. आपल्या पुण्यात हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे शिक्षकांना मुद्दाम सांगतो.

नोंद करायची रीत सोपी आहे. बैलांच्या बाजारात आपण दोन बैलांमध्ये तिसरा उभा करून त्याची उंची जोखतो ना? तसेच करायचे. मीराहून थोडा तेजस्वी एक तारा घ्या आणि थोडा मंद एक घ्या, मग मीरा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवा. मेनकर अडीच प्रतीचा. मीराकडे जाताना वाटेत भेटणारे जे दोन मंद तारे मघाशी सांगितले, त्यांतला पहिला साडेतीन प्रतीचा, दुसरा चौथ्या प्रतीचा. त्यांच्याशी ताडून आकडा लिहायचा. सोबत तारीख, वेळ आणि चांदणे होते की नाही. एवढेच. मुंबई-पुण्याच्या दिव्यांत चौथ्या प्रतीचा तारा सापडणे कठीण. केनवडच्या मचाणावरून तो सहज दिसतो. या कामी आपले शेत पुण्याहून श्रीमंत आहे.

मुलांना एक हिशेबही घालता येईल. मीराचा फेरा ३३२ दिवसांचा, म्हणजे त्याचा भर दरवर्षी सुमारे ३३ दिवस अलीकडे सरकतो. उन्हाळ्यात सूर्य त्याच बाजूला असतो. म्हणून २०२४ आणि २०२५ साली त्याचा भर आला तरी तो सूर्याच्या उजेडात गेला. पण अकरा फेरे केले तर ३६५२ दिवस होतात, आणि दहा वर्षांचे दिवस जवळपास तेवढेच. म्हणून दर दहा वर्षांनी भर त्याच महिन्यात येतो. २००७ च्या फेब्रुवारीत तो चांगलाच उजळला होता. दहा वर्षांनी २०१७, आणि त्याच हिशेबाने पुढे बोट जाते २०२७ च्या फेब्रुवारीकडे. त्या महिन्यात संध्याकाळी तो पश्चिमेकडे बराच वर असतो. चार-दोन आठवडे इकडेतिकडे होतील. हा तारा पंचांगाला बांधलेला नाही.

आबाजींच्या नातवाला मी त्या रात्री वहीच्या कागदावर मेनकर, मधले दोन तारे आणि मीराची जागा काढून दिली होती. २०२० ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात आली. अमावास्येच्या रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. मागे फटाक्यांचा आवाज. पोरगा वाचून दाखवत होता: “तारीख चौदा, रात्री सव्वानऊ, चांदणे नाही. मेनकरहून मंद, पहिल्याहून मंद, दुसऱ्याएवढा.” मग फोन आबाजींनी घेतला. “आला गुरुजी,” ते म्हणाले, “पण गेल्या सालापक्षा थोडा कमी दिसते. पोरानं लिहून ठेवलं.”